डोक्यावरचं ऊन, आडवा पाऊस

लग्नानंतरचा पहिला मे महिना. कुडाळ तालुक्यातल्या सासरच्या घरात सकाळी दहाच्या सुमाराला मी एकेक खिडकी लावत सुटले. माहेरी, तुळजापूर तालुक्यात, हे काम माझंच असायचं. ऊन चढायच्या आत दारं-खिडक्या बंद, आणि दिवेलागणीला पुन्हा सगळं सताड उघडं. अर्ध्या तासात सासूबाई पदरानं वारा घेत आल्या. "गो, खिडक्यो कित्याक बंद केलंस? जीव गुदमारता. वारो येवक होयो गो!"

मी सिव्हिलची डिप्लोमाधारक. पुण्यात एका ऑफिसात एस्टिमेटं करते. तरीही सासूबाईंनी एका वाक्यात जे सांगितलं, ते नीट कळायला मला दोन घरं बांधावी लागली. एक माहेरचं, एक सासरचं. दोन्हीकडे चुका माझ्याच, त्यामुळे लिहायला हरकत नाही.

आधी माहेरचं. आमचं जुनं घर माळवदाचं. दगडमातीच्या अडीच फुटी भिंती, सागवानी तुळया, त्यांवर आडव्या फळ्या आणि वर फूट-दीड फूट पांढरी माती. उजेडाला छतात एक सानं. बाहेर ४१-४२ अंश असताना आतल्या खोलीत भर दुपारी गोधडी अंथरून झोप लागायची. २०१७ च्या मे महिन्यात मी हौसेनं थर्मामीटर टांगले होते. दुपारी तीनला माळवदाखाली ३१, आणि भावानं मागे बांधलेल्या स्लॅबच्या खोलीत ३८. रात्री दहालाही स्लॅबची खोली ३६ च्या खाली उतरली नव्हती. पंखा फिरत होता, पण तो वरचा तापच खाली ढकलत होता.

यात जादू काही नाही. जाड भिंतीतून उन्हाचा ताप आत यायला बरेच तास लागतात. तो आत पोचेपर्यंत रात्र झालेली असते, बाहेरची हवा पंधरा-सोळा अंशांनी उतरलेली असते, आणि आई खिडक्या उघडून बसलेली असते. रात्रीत भिंत निवते, सकाळी पुन्हा नव्यानं ताप प्यायला तयार. भिंत हे अर्धं यंत्र आणि खिडक्या उघडणारी आई हे उरलेलं अर्धं.

म्हणून २०१८ मध्ये भावानं घर नवं बांधायचं काढलं तेव्हा मी म्हटलं, माळवदच बांधू. सगळं जवळचं, सगळं मातीत परत जाणारं. भाऊ काही बोलला नाही. आई म्हणाली, "मी नाही झोपायची त्याच्याखाली."

ती १९९३ पासून माळवदाखाली रात्री झोपलेलीच नव्हती, हे मला माहीत होतं. पण त्याचा घराच्या नकाशाशी संबंध आहे, हे लक्षात आलं नव्हतं. ३० सप्टेंबरची पहाट, पावणेचार वाजून गेलेले. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, माणसं गणपती पोचवून दमून झोपलेली. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालच्या गावांत भूकंपात हजारो माणसं गेली, ती बहुतेक अशाच घरांखाली. मी तेव्हा नऊ वर्षांची. आमच्या गावात कुणी दगावलं नाही, पण आमच्या मागच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली. आईची खाट त्या दिवशी अंगणात गेली ती पावसाळ्यात पत्र्याखाली, उन्हाळ्यात पुन्हा अंगणात, अशीच राहिली. दुपारी माळवदाखाली पडायची, पण रात्री नाही. त्या काळच्या भूकंपाच्या नकाशावर आमचा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, हे मला पुढे डिप्लोमाला शिकवलं.

त्या भिंती का पडल्या, हे मी मग नव्यानं वाचून काढलं. अडीच फुटी भिंत एकसंध नसते. बाहेरचा एक दगडी पडदा, आतला एक, आणि मधे खडी-माती भरलेली. दोन्ही पडद्यांना आरपार बांधणारा दगड नाही. हादरा बसला की बाहेरचा पडदा बाहेर आणि आतला आत फुटतो, आणि वरचं टनावारी मातीचं ओझं थेट माणसांवर येतं. पावसाळ्यात गळू लागलं की वर आणखी एक थर माती टाकायची, अशी रीत. म्हणजे घर जितकं जुनं, तितकं डोक्यावरचं वजन जास्त.

तेव्हा नवं घर असं ठरलं: भिंत जुन्याच काळ्या दगडाची, पण दीड फुटाचीच. दर दोन फूट उंचीला भिंतीच्या पूर्ण रुंदीचा एकेक आरपार दगड, आणि दोन दगडांत चार फुटांहून जास्त अंतर नाही. जोत्यावर, लिंटलला म्हणजे दारं-खिडक्यांच्या वरच्या पातळीला आणि छताखाली घराभोवती सलग फिरणारा सळई-काँक्रीटचा पट्टा. पेटीला दोरी बांधावी तसा. छत मात्र स्लॅबचं. इथे मी हरले आणि हरले ते बरंच झालं.

दगड आमचाच होता. अडीच फुटी भिंतीतून निघालेला दगड दीड फुटी भिंतीला पुरून उरला, त्यात विहिरीचा कठडाही झाला. घराची जागा मोकळी करताना खांब-तुळयांचं सागवान निघालं, त्याच्या चौकटी केल्या. एवढं सगळं मनासारखं चाललेलं पाहून मला चुन्याची दुर्बुद्धी सुचली.

वास्तुशिल्पी लॉरी बेकर यांना गांधीजींनी सांगितल्याची गोष्ट आमच्या क्षेत्रात सगळ्यांना पाठ असते: आदर्श खेड्यातलं घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या वस्तूंतून बांधावं. मी ते पाच मैल खरंच मोजले. दगड मिळाला, माती मिळाली, पाणी मार्चपर्यंत मिळालं. वाळू नाही. ती नदीची येणार, आणि वाळूचे लिलाव बंद असल्यामुळे कुठल्या रात्री येईल ते सांगता येत नव्हतं. शेवटी क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, आणली. चुना तर नाहीच. गावाबाहेर चुन्याच्या घाण्याचं दगडी चाक अजून पडलेलं आहे, त्यावर पोरं बसून मोबाइल बघतात. भट्टी कधीच गेली. मिळत होता तो राजस्थानातून पोत्यात भरून येणारा चुना. हजारभर किलोमीटरचा प्रवास. आणि सिमेंट? कर्नाटकातल्या वाडी गावचे कारखाने त्या मानानं आमच्या कितीतरी जवळ. सिमेंट भाजताना चुनखडीतूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, जगभरच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७-८ टक्के धरतात, हे सगळं मला माहीत आहे. पण चुनाही चुनखडी भाजूनच होतो, आणि वर ट्रकचं डिझेल. मी आकडेमोड करून थकले. शेवटी दरजेला एक भाग सिमेंट, दोन भाग चुना, नऊ भाग वाळू असा मधला मार्ग काढला. सिमेंट कमी लागलं आणि दरजही कडक-ठिसूळ न होता थोडी दमदार राहिली. या मिश्रणाला मी कुठल्याही प्रदर्शनात मिरवणार नाही, पण घराला ते शोभलं.

गवंडी मिळवणं ही वेगळीच कथा. दगडाचं काम जाणणारे एक काका सापडले, वय सत्तरच्या पुढे. म्हणाले, "ताई, दगड घडवायला कोण ऱ्हायलंय आता? पोरं समदी पुण्याला फरशा बशिवत्यात." त्यांनी दोन पोरांना हाताशी धरून काम केलं, रोज अकराला थांबून चारला पुन्हा सुरू. ब्लॉकची भिंत आठ दिवसांत झाली असती, तिला सात आठवडे लागले. कर्ज देणाऱ्या बँकेच्या माणसाला हे काहीच समजेना. त्यांच्या छापील तक्त्यात दगडी भिंतीचा रकानाच नव्हता. तो प्रामाणिकपणे म्हणाला, "मॅडम, मी वीटच लिहितो." कागदोपत्री आमचं घर आजही विटांचं आहे.

आता स्लॅबचं काय करायचं? ताप तर तिथूनच येणार होता. मे महिन्यात सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, भिंतीपेक्षा छतच जास्त भाजतं. गावातल्या कुंभाराकडून लहान मडकी घेतली, जी आव्यात तडकलेली किंवा वाकडी निघालेली म्हणून विकली जात नव्हती. स्लॅबवर ती पालथी मांडली, मधल्या फटी विटांच्या तुकड्यांनी आणि चुन्याच्या कोब्यानं भरल्या, वर उताराला पांढऱ्या फुटक्या टाइल्सचे तुकडे बसवले. मडक्यात अडकलेली हवा ताप अडवते, पांढरं तोंड ऊन परतवतं. पुढच्या उन्हाळ्यात त्याच थर्मामीटरनं दुपारी ३३ दाखवले. माळवदाइतकं नाही, पण भावाच्या जुन्या खोलीपेक्षा पाच अंश कमी. आई आत झोपायला लागली. खाट मात्र दारालगतच लावते, पाय बाहेरच्या बाजूला करून.

एवढ्यावर मी स्वतःला जाणकार समजू लागले होते, आणि तशीच कुडाळला पोचले.

सासरचं घर नव्वद-पंचाण्णव वर्षांचं. जांभ्याच्या भिंती, नळ्यांचं छप्पर, चारही बाजूंनी पडवी. वासे वाळवीनं पोखरले होते, पश्चिमेकडची बाजू खचली होती. २०२० च्या शेवटी नवं बांधायचं ठरलं. नकाशा मी काढला. पहिली गोष्ट काय केली असेल तर पडव्या उडवल्या. एस्टिमेट करणाऱ्या माणसाला पडवी म्हणजे जोतं वाया, छप्पर वाया. पुढे ओटी ठेवली, बाकी तिन्ही बाजू मोकळ्या. छप्पर दुपाखी केलं, म्हणजे दोन बाजूंना त्रिकोणी भिंती. चौपाखी छपराला कोनवासे लागतात, सुताराचे दिवस वाढतात. सासरे नकाशा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पडवी खंय गेली?" मी खर्चाचं सांगितलं. ते पान जुळवायला लागले.

जांभ्याबद्दल दोन शब्द, कारण माझा जीव त्यावर बसला. खाणीतून काढताना चिरा इतका मऊ असतो की पूर्वी कुऱ्हाडीसारख्या हत्यारानं कापत. हवेत राहिला की घट्ट होत जातो. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टरानं केरळात पाहिलेल्या या दगडाला १८०७ च्या पुस्तकात 'लॅटराइट' नाव दिलं, ते वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. बरोबरच आहे, भट्टीत न घालता मिळणारी वीटच ती. आमची चिरेखाण घरापासून सहा किलोमीटरवर. पाच मैलांत बसलं! पण खाणीवर जाऊन आल्यावर तो आनंद टिकला नाही. यंत्राच्या पात्यांनी सडा, म्हणजे जांभ्याचा उघडा माळ, चौकोन-चौकोन कापत नेलेला, मागे खड्डे आणि लाल भुकटीचे ढीग. याच सड्यांवर कुडोपीसारख्या ठिकाणी कातळशिल्पं आहेत, हजारो वर्षांपूर्वी कुणी कोरून ठेवलेली. जवळचा दगड म्हणजे निष्पाप दगड, असं नसतं. मी खोल्यांची लांबी-रुंदी चिऱ्याच्या मापात बसवून घेतली, म्हणजे तोडून टाकायचे तुकडे कमी होतील, आणि जुन्या भिंतींतले धड चिरे निवडून आतल्या भिंतींना वापरले. त्याहून जास्त मला काही करता आलं नाही.

२०२१ च्या एप्रिलमध्ये टाळेबंदी लागली आणि मी पुण्याला परत न जाता कुडाळलाच अडकले. लॅपटॉप ओटीवर, गवंडी समोर. छप्पर चढलं: लोखंडी पाइपांचा सांगाडा, वर मंगलोरी कौलं. लाकूड परवडलं नाही, आणि वाळवीचा धसका होताच. मग मोकळा वेळ हाताशी असल्यानं मी तुळजापूरची हौस बाहेर काढली. पश्चिमेच्या खोलीला बाहेरून माती-चुन्याचा गिलावा. माती चाळली, भाताचा तूस घातला, आठ दिवस कुजवली, स्वतः लिंपलं. भिंत इतकी देखणी दिसू लागली की शेजारचे फोटो काढून गेले. गवंडी विडी ओढत लांबून बघत होता. म्हणाला, "बाई, तुमच्याकडे पाऊस वरसून पडता. हयसर तो आडवो येता."

मी म्हटलं, दोन फुटांची पागोळी आहे की.

१६ मेला तौक्ते वादळ किनाऱ्यालगत वर सरकलं. आम्ही समुद्रापासून आत असूनही रात्रभर छपरावर कुणी पत्ते पिसावेत तसा आवाज. सकाळी पश्चिमेच्या कडेच्या दोन ओळी साफ गेलेल्या, त्रिकोणी भिंतीच्या टोकावरची कौलं शेजाऱ्यांच्या खळ्यात. सासऱ्यांच्या चुलतभावाचं जुनं चौपाखी घर शंभर पावलांवर. त्याची चार-सहा कौलं फक्त सरकली होती. चारी बाजूंनी उतरतं, बुटक्या कडांचं छप्पर वाऱ्याला अंगावरून जाऊ देतं. माझं दुपाखी छप्पर त्याला छातीवर घेत होतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भिंतीचा गिलावा पोपडे धरून सुटला. जुलैत पायथ्याशी लाल चिखलाची नाळ वाहत होती आणि माझी आठ दिवसांची माती माडाच्या आळ्यात जाऊन बसली होती. सासूबाई म्हणाल्या, माडाला बरं झालं. चेष्टा नव्हती, खरंच त्यांना तसं वाटत होतं.

तो पावसाळा मी पश्चिमेच्या खोलीत बसून काढला आणि पाणी कुठून येतं ते पाहिलं. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत, नैऋत्येच्या वाऱ्यावर बसून. भिंतीच्या खालच्या तीन फुटांना तो दोनदा लागतो: एकदा येताना, एकदा जमिनीवरून उसळताना. चिरा हा भोकाभोकांचा दगड, पाणी पितो. आमच्या तुळजापूरच्या भिंतीला ताप प्यायचा होता, इथली भिंत पाणी पीत होती. आणि तापाचं म्हणाल तर इथे जाड भिंतीचा उपयोगच नाही. मे महिन्यात दिवसा ३३-३४, रात्री २७. भिंत निववायला हवीये कुठे ती गार रात्र? अंगावरचा घाम वाळेल एवढा वारा मिळाला की झालं. सासूबाईंच्या त्या खिडक्या मला पावसात भिजत बसल्यावर कळल्या.

दिवाळीनंतर दुरुस्ती. पश्चिमेला आणि दक्षिणेला पडवी परत आली, सहा फूट रुंद, उतरती, कडा माणसाच्या डोक्याला लागेल इतकी खाली. गिलाव्याच्या भानगडीत न पडता चिरा उघडा ठेवला, फक्त दरजा भरल्या. जोत्याला बाहेरून काळ्या दगडाची फरशी लावली, उसळणारं पाणी तिच्यावर आपटावं म्हणून. कडेच्या तीन ओळींतलं प्रत्येक कौल तारेनं बांधलं. त्रिकोणी भिंती राहिल्या, त्या पाडायला पैसे नव्हते, पण त्यांच्या टोकाशी भोकांचे चिरे बसवून जाळी केली. तिथून गरम हवा निघून जाते आणि वाऱ्याचा जोरही थोडा मोडतो. पडवीत आता भात, गवत, सायकली, मांजर, सुकत टाकलेले कपडे, आणि संध्याकाळी सगळं घर. मी 'वाया जागा' म्हणून खोडलेल्या त्या पट्ट्यात घरातली माणसं सगळ्यात जास्त वेळ बसतात. सासरे याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. पान जुळवतात.

पाण्याच्या टाकीची माझी कल्पना तेवढी दोन्हीकडे अर्धवट राहिली. हजार चौरस फूट छपरावर कुडाळला वर्षाला पावणेतीन लाख लिटर पाणी पडतं, तेवढ्याच छपरावर तुळजापूरला सत्तर हजार. ऐकायला छान वाटतं. पण कुडाळची विहीर एप्रिलमध्ये तळ गाठते, आणि शेवटचा जोराचा पाऊस ऑक्टोबरात झालेला असतो. दहा हजार लिटरची टाकी पाच माणसांना तीन आठवडे पुरते. पावणेतीन लाख साठवायचे तर घरापेक्षा टाकी महाग. म्हणून तिथलं पाणी शोषखड्ड्यातून विहिरीच्या वरच्या अंगाला मुरवतो. ते माझ्या विहिरीत येतं की खालच्या वाडीच्या, देव जाणे. तुळजापूरला मात्र पाऊस थोडा, पण तुटक-तुटक येतो, टाकी दोन-चारदा भरते-रिकामी होते, आणि भांडी-कपड्यांना खरोखर उपयोगी पडते.

गेल्या दिवाळीत भाऊ सहकुटुंब कुडाळला आला होता. तीन दिवस पडवीतून हलला नाही. तिथेच जेवला, तिथेच लोळला. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला.

"ताई, घराच्या पुढनं पडवी काढतोय. तुझ्याकडच्यासारखी. पाचशे कौलं उतरवून घेतली आज."

"अरे, आधी विचारायचंस तरी. वानरं येतात ना तुमच्याकडे?"

"येतात की. मारुतीच्या देवळामागं टोळीच आहे. का गं?"